सवतीच्या पोटातल्या बॅटऱ्या

४ मार्च, बुधवार

आज घोषणा करून टाकली. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "अहो, तुमच्या बोटीत बॅटऱ्या मी बसवणार."

यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "तू?"

"मी. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतेय. भर चौकात बॉनेट उघडून बॅटरी बदललीय. तुमच्या बोटीचं काय एवढं मोठं?"

"बोट नाही. जहाज." दुखण्यानं काहीही केलेलं असो, एवढी दुरुस्ती करायला जीभ बरोबर वळते.

जहाज म्हणजे माझी सवत. सात फूट लांब, रिमोटवर चालणारं मालवाहू जहाज. पुढच्या खोलीत पूर्वी सोफा होता. सोफा गेला आणि तिथं सवत आली. पाहुणे आले की खुर्च्या स्वयंपाकघरातून आणाव्या लागतात. शिड्या, कठडे, काडेपेटीएवढ्या खिडक्या, सगळं यांनी हातानं केलंय. पोट मात्र रिकामं. बॅटऱ्या आणायच्या त्याच आठवड्यात, नोव्हेंबरात, यांना झटका आला. डावा हात गेला, तो अर्धा परत आलाय. जीभही परत आली, पण दमली की शब्द लोळायला लागतात. डॉक्टर म्हणतात बाहेर हिंडा, चार माणसांत बसा. हे दवाखाना सोडून फाटकाबाहेर पडलेले नाहीत. फोन वाजला तरी मलाच खूण करतात.

२९ तारखेला यांच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबचा मेळावा आहे, तळ्यावर. माझा हिशेब सरळ आहे: जहाज तयार झालं की हे तळ्यावर. जहाज पाण्यात आणि हे घरात, असं होईल का? होणारच नाही. मला आत्तापासूनच हुरूप आलाय.

६ मार्च, शुक्रवार

पहिला धडा. मी म्हटलं, "त्यात काय, गाडीचीच बॅटरी टाकू, जुनी पडलीय एक."

हे हसले! चार महिन्यांत पहिल्यांदा असे खांदे हलवून हसले. मग समजावलं. गाडीची बॅटरी धक्का मारणारी असते, इंजिन एकदा सुरू केलं की तिचं काम झालं. जहाजाला दम धरणारी हवी, दोन तास थोडी थोडी वीज देत राहणारी. शिवाय कलंडली तर आतलं आम्ल सांडून लाकूड खाईल. म्हणजे एक तर शिशाची, पण पूर्ण सीलबंद; नाही तर लिथियमची. शिशाची जड आणि गरीब स्वभावाची. लिथियमची हलकी, ताकदवान, पण लाड करावे लागतात, वेगळा चार्जर लागतो. बोलता बोलता जीभ अडखळली तसे गप्प झाले. पण तोवर बराच वेळ बोलले होते.

माझ्याकडे एक नवे विद्यार्थी आलेत, वय साठीचं. सीटवर बसले की आरसा नीट करतात. मग सीट मागे-पुढे. मग पुन्हा आरसा. "मॅडम, मागचं जरा तिरकं दिसतंय." तास संपला, गाडी तसूभर हलली नाही. मी नाव ठेवलंय आरसेकाका. यांना नक्कल करून दाखवली आणि म्हटलं, "आरशाला काय धाड भरलीय? घाबरलाय माणूस. मला माणूस सीटवर बसल्याबरोबर कळतं."

या नकलेला मात्र हे हसले नाहीत. माझी नक्कल चांगली झाली होती खरं तर.

७ मार्च, शनिवार

धीर धरवेना. लिथियमच्या दोन घेऊन आले. काय हलक्या! हातात धरल्यावर वाटलं, दुकानदार आत काही भरायचंच विसरला. यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हटलं, "घ्या, तुमच्या सवतीला, म्हणजे माझ्या सवतीला, पिसासारखी उडवते आता."

"उडवायची नाहीये," हे म्हणाले. "तरंगवायचीय."

"तेच ते."

"तेच नव्हे," म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

११ मार्च, बुधवार

फजिती. पण काय मजेची!

न्हाणीघरात सात फुटांची बाई मावत नाही. म्हणून मागच्या अंगणात विटा रचल्या, त्यांवर गाडीचं ताडपत्रीचं कव्हर अंथरलं आणि नळ सोडला. छान हौद झाला. जहाज उचलायला आरसेकाकांना बोलावलं. आरशापुढे गाडी जात नाही तर नाही, उचलायला तरी उपयोग व्हावा. हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पण काका फाटकातून आले तसे उठून आत गेले. औषधाची वेळ झाली म्हणे. औषध सकाळीच घेतलं होतं. विसरले असतील बिचारे.

लिथियमच्या बॅटऱ्या पोटात ठेवून सवत पाण्यात सोडली. तिच्या पोटाला लाल रंग आहे, वर काळा. लाल तेवढं पाण्याखाली बुडायला हवं. आमची बया लाल सगळं उघडं टाकून, पाय भिजू नयेत म्हणून साडी वर धरलेल्या बाईसारखी पाण्यावर उभी! मी बोटानं टेकवलं तर आडवी व्हायला निघाली. काकांनी झेप घेऊन धरली, म्हणून वाचली.

काका गेल्यावर हे बाहेर आले. मला वाटलं, आता टोमणा मिळणार. तसं काही नाही. खुर्ची हौदाजवळ ओढून शांतपणे म्हणाले, "जहाजाला वजन शत्रू नसतं गं. वजनावरच ते उभं राहतं. फक्त खाली हवं, तळाशी."

इतके दिवस मी उलटंच समजत होते. हलकं तितकं चांगलं, असं.

१४ मार्च, शनिवार

बॅटरीवाला भला माणूस. लिथियमच्या परत घेतल्या. "ताई, शिसंच न्या, पण आधी किती वजन लागतंय ते तरी बघून या," म्हणाला.

यांनी युक्ती सांगितली. विटा जुन्या टॉवेलांत गुंडाळायच्या आणि एकेक करून पोटात ठेवायच्या, पाणी लाल-काळ्याच्या मधल्या रेघेला बरोबर लागेपर्यंत. मग विटा काढून तोलायच्या, तेवढंच वजन बॅटऱ्यांचं. मी विटा ठेवतेय, हे काठीनं दाखवताहेत: "मागे सरकव. अजून. आता डावीकडे." मी विद्यार्थ्यांवर ओरडते तसे माझ्यावर ओरडत होते. मला इतकं बरं वाटलं की मुद्दाम दोनदा चुकले.

शेवटची वीट ठेवली आणि सवत अशी ठाण मांडून बसली म्हणून सांगू! लाल गडप. बोटानं ढकललं तर जराशी डुलली आणि पुन्हा ताठ. मी टाळ्याच वाजवल्या.

"आता चालही राजेशाही," हे म्हणाले. "आणि थांबणंही."

शिशाच्या दोन मोठ्या बॅटऱ्यांनी हिशेब बरोबर लागला. बॅटऱ्या मागवल्या. बॅटरीवाला गुरुवारी देतो म्हणाला. वाट बघणं मला जमत नाही, हे माझ्या आईनं मी चार वर्षांची असतानाच सांगितलं होतं.

१९ मार्च, गुरुवार

बॅटऱ्या आल्या. जहाजाच्या डेकवर मधोमध एक झाकण आहे, त्यातून त्या आत जायच्या. मावल्या नाहीत. बोटभर उंच पडताहेत. उभी बॅटरी आत गेली की झाकण बसत नाही.

मी घाम पुसत यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "मग राहिलं. डेक कापावं लागेल. या वर्षी नाही होत, पुढच्या वर्षी बघू."

सगळं एका दमात, एकही शब्द न लोळता.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. बॅटरीसाठी कोण रडतं? मी रडते. मला ते बूट डोळ्यांपुढे दिसतात, यांचे, दाराशी, नोव्हेंबरापासून एकाच जागी. मोलकरीण रोज त्यांच्या भोवतीनं झाडते.

२० मार्च, शुक्रवार

चालते! आडवी चालते!

सकाळी बॅटरीवाल्याकडे तणतणत गेले. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, सीलबंद आहे ना, मग कुशीवर निजवा की. फक्त पालथी घालू नका."

लाल सिग्नलला थांबले होते तेव्हा स्टीअरिंगवर ताल धरला होता मी. बाजूच्या स्कूटरवाल्यानं चमकून पाहिलं. घरी येऊन ओरडतच आत शिरले, "अहो, कुशीवर निजते ती!"

"हो का," हे म्हणाले.

पंचवीस वर्षं यांनी विजेच्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि एवढं यांना ठाऊक नव्हतं? दुखण्यात डोक्यातून निघून गेलं असेल. माणसाला कशाला ओशाळं करा.

२२ मार्च, रविवार

आजचा दिवस सोन्याचा. बॅटऱ्या बसल्या!

खाली फोमचा तुकडा, त्यावर दोघी कुशीवर, जुळ्या बहिणींसारख्या. पण वळताना सरकल्या तर सगळं वजन एका अंगाला जाईल आणि सवत कलंडेल. कशानं बांधायच्या? हे म्हणाले, दोरी. मी म्हटलं, दोरी कशाला, थांबा. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट कापून आणले, बकलासकट. जहाजाच्या फळ्यांना स्क्रूनं पक्के केले आणि खटकन लावले. माझ्या गाडीत पट्टा लावल्याशिवाय मी कोणाला किल्ली फिरवू देत नाही, सवतीलाही नाही.

यांनी पट्टा ओढून पाहिला. पुन्हा ओढून पाहिला. "हे मला सुचलं नसतं," म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. इथं लिहून ठेवतेय, पुढेमागे नाकारतील.

मग वायरी. लाल लालला, काळी काळीला, आणि लाल वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज; काही बिनसलं तर वायर पेटण्याआधी फ्यूज जळावा. बटण दाबलं. दोन्ही पंखे मागे घुं घुं करत फिरायला लागले आणि केबिनमधले दिवे लागले, खिडक्याखिडक्यांतून पिवळे. मी यांचा डावा हात धरून दाबला. त्यांनीही दाबला. डाव्या हातानं!

२५ मार्च, बुधवार

यांना आता वायर बारीक वाटतेय. जाड घातली. मग फ्यूज मोठा वाटला. बदलला. मग म्हणाले, डावी बॅटरी उजवीपेक्षा जड आहे. तोलून दाखवली, सारखीच भरली. तरी म्हणतात, "पाण्यात कळेल. माझं मन घेत नाही." काटेकोर माणूस. अशाच काटेकोरपणातून असं जहाज होतं, उगाच नाही.

आणि आज आरसेकाकांनी गाडी चालवली! मंडईच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. उतरताना म्हणाले, "मॅडम, एक सांगतो. आरसा कधीच बिघडला नव्हता."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," मी म्हटलं. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. यांना रंगवून सांगितलं सगळं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. मग म्हणाले, फ्यूज अजून एकदा बघायला हवा.

२८ मार्च, शनिवार

भांडण झालं. लिहितानाही हात तापलाय.

क्लबच्या कॅप्टनचा फोन आला. हा कॅप्टन म्हणजे दातांचा डॉक्टर, समुद्र त्यानं सहलीत पाहिलेला, पण पांढरी टोपी घालून तळ्यावर हुकूम सोडतो म्हणून कॅप्टन. "उद्या येताय ना?" मी म्हटलं, "येतोय!" फोन ठेवला तर हे म्हणाले, "तू जा. मी नाही येत. बॅटऱ्यांचा भरवसा नाही. मध्येच बंद पडली तर शोभा होईल."

"तुमच्यासाठीच केलं ना सगळं? मी काय करू तळ्यावर, मासे पकडू?"

"मग नको नेऊस."

मी भांडी आपटली. एका ताटाला पोचा पडला. जहाज तयार झालं की हे येणार, एवढंच धरून महिनाभर धावले. जहाज तयार आहे. आता आणखी कशाची बॅटरी बदलू?

संध्याकाळी गाडीची पुढची सीट पाडून जागा मोजली. सवतीचं बूड पुढच्या काचेशी आणि नाक मागच्या सीटवर, अशी तिरपी बसते. पण नाक कोणी धरलं नाही तर पहिल्याच वळणावर मोडेल. हे खरंच आहे, बहाणा नाही. यांना जाऊन तसंच सांगितलं. "उतरू नका. कोणाशी बोलू नका. नुसतं मागच्या सीटवरून धरून बसा."

हे म्हणाले, "धरीन. उतरणार नाही."

२९ मार्च, रविवार

अक्षर वाकडं आलं तर येऊ दे, सगळं आजच लिहून काढायचंय.

तळ्यावर गर्दी होती. गाडी झाडाखाली लावली. हे मागच्या सीटवर, काच निम्मी वर, टोपी डोळ्यांवर. कॅप्टननं आणि आणखी एकानं रिकामं जहाज उचलून पायऱ्यांपाशी पाण्यात धरलं. मी पालथी पडून बॅटऱ्या कुशीवर निजवल्या, पट्टे लावले, झाकण घातलं. पाणी रेघेला तंतोतंत लागलं. लोक वाहवा म्हणाले. मी रिमोटचं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. रिमोटचा दिवाच लागेना. महिनाभर सवतीच्या पोटाची काळजी वाहिली आणि रिमोटच्या सेलांकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं! काखेत कळसा म्हणतात तो हाच. पळत गाडीशी गेले. तोंड उघडायच्या आत काचेतून यांची मूठ बाहेर आली. मुठीत चार नवे सेल.

"हे कधी घेतलेत?"

"निघताना खिशात टाकले. असू दे म्हणून."

घाईत होते. घेतले आणि पळाले.

आणि सवत निघाली! नाकाशी पाणी दुभंगत, मागे दोन फेसाळ रेघा ओढत, अशी डौलात की माझ्याच अंगावर काटा आला. मी किंचाळले. लहान पोरीसारखी किंचाळले, लाज वाटली नाही. तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, मी कशीबशी वळवली, आणि ती थेट समोरच्या दगडी घाटाकडे निघाली.

मी रिमोटची वेगाची दांडी सोडली. थांबेल की. थांबली नाही. मग मी काय केलं? उजवा पाय जमिनीवर दाबला. जोरात. चप्पल चिखलात रुतेपर्यंत ब्रेक दाबला! शिकाऊ गाडीत माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, इतक्या वर्षांची सवय, पाय तिथंच गेला. सवत आपल्या सगळ्या शिशासकट निवांत दगडाकडे चालली होती.

"मागे घे! मागे! ब्रेक नाही तिला!"

सगळं तळं वळलं. आवाज मोठा होता, शब्द लोळत होते, 'ब्रेक' तर अर्धाच निघाला. हे गाडीतून उतरले होते. टोपी पडलेली, काठी चिखलात खुपसत येत होते आणि ओरडत होते, पुन्हा पुन्हा, लोळत्या जिभेनं, सगळ्यांसमोर. कोणी हसलं नाही. कॅप्टन बाजूला सरला आणि म्हणाला, "जागा द्या, मालक आले."

यांनी काठी टाकली, उजव्या हातानं उजवी दांडी पकडली. "तू वेग. मी दिशा. डावी पूर्ण मागे ओढ!" मी ओढली. पाणी उसळलं. दगडापासून वीतभर अंतरावर सवत थबकली, मागे सरली आणि वळली. पट्टे टिकले. आत काही हललं नाही.

मग थांबलोच नाही. एका रिमोटवर दोघं, खांद्याला खांदा. वेग माझा, दिशा यांची. चुकले की ओरडत होते. मधूनमधून लोक येऊन काहीबाही विचारत होते आणि हे सांगत होते: शिसंच का, कुशीवर का. कोणाला कळलं नाही तर पुन्हा सांगत होते. शेवटी शेवटी तर माझ्याशिवाय कोणाला काही कळत नसावं, पण बोलणं चालूच. सीटबेल्ट "आमच्या हिनं" बसवले, हे चौघांना तरी सांगितलं. मी मोजत नव्हते, पण ऐकत होते.

परत येताना हे पुन्हा मागच्या सीटवर, सवतीचं नाक मांडीशी धरून. मधल्या आरशात नजरानजर झाली.

"आरसा नीट आहे ना गं?"

"आहे की. का?"

"नीटच असतो तो." थोडा रस्ता गेला. "बॅटऱ्याही नीट होत्या. आडवी चालते, ते मला माहीत होतं."

मी गाडी कडेला घेतली. इंडिकेटर द्यायची विसरले, मी! मला म्हणे माणूस सीटवर बसल्याबरोबर कळतं. महिनाभर माझ्याच घरात एक आरसेकाका बसले होते आणि मी वायरी बदलत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलायचीच तर भीती होती," हे म्हणाले.

मी हसले की रडले, मला सांगता येणार नाही. दोन्ही झालं. मागून रुमाल आला, डाव्या हातानं दिलेला.

घरी आल्यावर बॅटऱ्या चार्जिंगला यांनीच लावल्या. लाल चिमटा, मग काळा. डावा हात हळू चालतो, वेळ लागला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, मदतीला गेले नाही. बूट दाराशी पडलेत, चिखलानं भरलेले. आज पुसणार नाही.

इतक्यात फोन वाजला. कॅप्टनच असणार. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. मग उठून यांनी उचलला.